स्पायडी, जुन्नरला ये ना!

शुक्रवारी रात्री घरी आल्यावर बूट काढायच्या आधी कंट्रोलर हातात घेणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, हा लेख तुमच्यासाठी आहे. वीकेण्ड म्हणजे ट्रेक असं मानणाऱ्यांसाठीही आहे. पण ती मंडळी शनिवारी पहाटे चारलाच घराबाहेर पडलेली असतात. ती हे सोमवारी वाचतील, पाय चेपत.

तर, स्पायडर-मॅन. सिनेमातला नव्हे, गेममधला. इन्सॉम्निॲक या अमेरिकन स्टुडिओचा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन' सप्टेंबर २०१८ मध्ये पीएस फोरवर आला, २०२२ मध्ये पीसीवर आला, आणि ज्यांच्याकडे या दोन्हीपैकी काही नव्हतं ते मित्राच्या सोफ्यावर जाऊन बसले. ओपन वर्ल्ड हा प्रकार त्याआधीही होताच. २००९ साली 'इन्फेमस' आणि 'प्रोटोटाइप' असे दोन गेम एकाच वर्षी आले होते, दोन्हींत अचाट ताकद असलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी अख्खं शहर. त्याच्याही आधी, २००४ च्या 'स्पायडर-मॅन २' मध्ये पहिल्यांदा जाळं खऱ्याखुऱ्या बिल्डिंगला चिकटायला लागलं. तोवर ते आकाशाला चिकटायचं आणि आपण समजून घ्यायचो. त्याच गेममध्ये स्पायडर-मॅन पिझ्झ्याची डिलिव्हरीही करायचा. सुपरहिरो झालं म्हणून घरभाडं चुकतं का?

पण २०१८ च्या गेमनं जे केलं ते वेगळंच. मॅनहॅटनच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर उभं राहायचं, खाली झोकून द्यायचं, रस्ता अगदी नाकाशी आला की ट्रिगर दाबायचा. जाळं सुटतं, पोटात गोळा येतो आणि तुम्ही टॅक्सींच्या टपांवरून सुसाट वर. दिवसभर क्यूबिकलमध्ये बसून आणि संध्याकाळी हिंजवडीच्या सिग्नलला दीड तास काढून आलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. या शहरात ट्रॅफिक आहे, पण तो तुमच्या खाली आहे! आणखी एक गोष्ट. कितीही उंचावरून पडलात तरी काही होत नाही. स्पायडी गुडघ्यावर बसतो, फरशीला तडा जातो, उठतो आणि चालू पडतो.

मग दहा-बारा तासांनी एक वेळ येते. मॅपवर चिन्हंच चिन्हं असतात. पीटर पार्करच्या जुन्या बॅकपॅक शोधा, एकूण ५५. टॉवर दुरुस्त करा. कबुतर पकडा. आणि गुन्हे! प्रत्येक वॉर्डात तेच गुन्हे. तीच गाडी पळते, त्याच दुकानात दरोडा पडतो, तेच मास्कवाले गुंड तेच डायलॉग मारतात. तुम्ही त्यांना बडवून खांबाला चिकटवता, गर्दी टाळ्या वाजवते, पुढच्या चौकात पुन्हा तेच. सोमवारचं स्टेटस कॉल आणि हे यांत मला तरी फार फरक दिसला नाही. त्यातच मधूनमधून मेरी जेनला घेऊन पाऊल न वाजवता कपाटांमागून सरकायचं. त्याबद्दल न बोललेलंच बरं. गोष्ट झकास, उडणं झकास, पण एवढ्या मोठ्या शहरात एकाही घराची बेल वाजवता येत नाही.

हे सगळं जुन्नरच्या लेखात कशाला, असं वाटणं साहजिक आहे. कारण असं, की हा गेम शंभर टक्के संपवलेला माणूस डोंगराकडे सरळ नजरेनं बघूच शकत नाही. त्याला जिथेतिथे अँकर पॉइंट दिसतात. आणि जुन्नर तालुक्यात शिरलं, की शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन असे कातळाचे टॉवर एकामागून एक उभे राहायला लागतात. शासनानं २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. म्हणजे गेम आला त्याच वर्षी हाही मॅप अधिकृतपणे उघडला.

सुरुवात नाणेघाटापासून करा. जुन्नरपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटर, घाटघरच्या पुढे. पठार चालत चालत जातं आणि एकदम संपतं. नानाच्या अंगठ्यावर पोटावर झोपून डोकं कड्याबाहेर काढलं की खाली कोकण. ट्रिगर दाबायला बोट शिवशिवतं. इथे मात्र पडलात तर फरशीला तडा जात नाही, ज्याला जायचा त्यालाच जातो, म्हणून झोपूनच बघा. पावसाळ्यात खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. अशा वेळी सगळे कॅमेरे बाहेर येतात आणि एकालाही गुहा आठवत नाही.

गुहा म्हणजे घाटाच्या तोंडाशी असलेलं लेणं. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळातला, दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख तिथल्या भिंतींवर आहे. त्यात केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. किती, ते आकड्यांत. आपल्याकडे आकड्यांच्या ज्या अगदी जुन्या खुणा सापडतात, त्यांत या भिंतीची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नुसती पावलं राहिलीत आणि वर नावं. बाहेर दगडाचा मोठा रांजण आहे; कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात पडायची असं सांगतात. टोलनाक्याला शिव्या देत आलेल्या आपल्या पिढीला हे ऐकून बरं वाटतं. फास्टॅग नव्हता, एवढंच.

जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी कोरलेली आहेत. देशात एका गावाभोवती एवढी दुसरीकडे नाहीत. ५५ बॅकपॅकचा हिशेब इथे विसरा. बॅकपॅकमध्ये निदान काय सापडणार ते ठरलेलं असतं. इथे मनमोडीच्या डोंगरात 'यवन' दात्यांची नावं सापडतात, म्हणजे ग्रीकांच्या वंशातली किंवा पश्चिमेकडून आलेली माणसं, ज्यांनी बौद्ध भिक्षूंसाठी पदरचे पैसे घातले. तुळजा लेण्यात गोल चैत्यगृह आहे, मधोमध स्तूप आणि भोवती बारा खांब. आत उभं राहून हळूच बोललात तरी आवाज अंगावर येतो. लेण्याद्रीला पर्यटक जातात ते अष्टविनायकातल्या गिरिजात्मजासाठी; पण गणपती ज्यात बसलाय ते सातवं लेणं मुळात बौद्ध विहार आहे, आणि शेजारच्या सहाव्या लेण्यातला चैत्य बघायला दहातले दोघंही वळत नाहीत. पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत. माकडं आहेत आणि ती तुमच्या हातातला प्रसाद तुमच्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घेतात.

आता शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवाजी महाराज इथे जन्मले, हे पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं. २०२५ मध्ये युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत शिवनेरी आहे, हेही आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवून झालंय. सात दरवाजांची वाट चढा, वाटेत शिवाई देवीचं दर्शन घ्या, गंगा-जमुना टाक्यांतलं पाणी बघा, कडेलोट टोकावर जपून उभे राहा. साखळीची वाट म्हणून कड्याच्या अंगानं जाणारी दुसरी एक वाट आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि आधाराला साखळी. माहितगार नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. ज्यांना आपण स्पायडर-मॅन आहोत असं वाटतं, त्यांनी तर अजिबात नाही.

पण गडावर उभं राहून मला सतत जे आठवत राहिलं ते वेगळं आहे. हा किल्ला महाराजांना त्यांच्या हयातीत घेता आला नाही. लहानपणी जिजाऊंबरोबर इथून बाहेर पडले, पुढे गड मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी रातोरात दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराच्या तटावरून आत उडी घेतली, खजिना आणि घोडे नेले. गड मात्र वर तसाच. १६७८ मध्ये मराठ्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. शिवनेरी स्वराज्यात आला तो १७१६ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात. साडेतीनशेच्या आसपास किल्ल्यांचं नाव ज्या माणसाबरोबर घेतलं जातं, त्याच्या मॅपवर जन्मघराचं चिन्ह शेवटपर्यंत लाल राहिलं. शंभर टक्के कम्प्लीशनची ट्रॉफी मिरवणाऱ्यांनी इथे दोन मिनिटं शांत बसावं. महाराजांना सुपरहिरो म्हणणारे टी-शर्ट पायथ्याशी मिळतात. मी घेतला नाही. सुपरहिरोला कोळी चावलेला असतो. इथे माणूस होता आणि त्याच्याकडे शिड्या होत्या.

टॉवरचं राहिलंच. गेममध्ये टॉवर दुरुस्त केला की आसपासचा मॅप दिसायला लागतो. नारायणगावजवळ खोडदला असे तीस टॉवर आहेत: जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या तीस अँटेना, प्रत्येकीची तबकडी ४५ मीटर व्यासाची, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पंचवीसेक किलोमीटर परिसरात पसरलेल्या. टोमॅटोच्या मळ्यामागून ती जाळीदार तबकडी अचानक वर आलेली दिसते तेव्हा गाडीतला गोंगाट आपोआप थांबतो. या अँटेना दूरच्या आकाशगंगांमधल्या हायड्रोजनचे क्षीण रेडिओ संदेश ऐकतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, ही वेधशाळा सर्वांना बघता येते. इतर दिवशी लांबूनच हात हलवा.

इथवर सगळं छान छान. आता ज्या गोष्टीसाठी स्पायडीला हाक मारली ती.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्या आला. आला म्हणजे, तिथेच राहिला, तिथेच पिल्लं झाली. वर्षभर उभं असलेलं दाट पीक, प्यायला पाणी, खायला कुत्री, डुकरं, शेळ्या. जंगलात यातलं एवढं सहज काय मिळतं? उसाच्या फडात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल. आपण त्याला 'वाट चुकून आलेला' म्हणतो, पण तो त्याच्या घरी असतो आणि त्याच घराच्या बांधावर माणसाचंही घर असतं.

या गोष्टीवर जुन्नरमध्ये एकदा अगदी सुपरहिरो स्टाइल उपाय झाला. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत हल्ले वाढले, तसे पिंजरे लागले, बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. खलनायक पकडा, मॅपच्या बाहेर टाका. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा बारकाईनं अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निघालं काय, तर बिबटे हलवल्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी कित्येक पट वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, घराकडे चालायला लागतं, आणि इथे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. पुढच्या चौकात पुन्हा तोच गुन्हा, आठवतं ना? गेममध्ये ती डिझायनरची आळशी वृत्ती होती. इथे जीव जातात.

परत येणाऱ्या बिबट्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट याच डोंगरकडेला सुरू होते. २००९ मध्ये शेजारच्या नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढला, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव 'आजोबा'. आजोबा तिथून उतरले ते कसाऱ्याकडून, रूळ ओलांडत, हायवे ओलांडत, वसईची खाडी ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. वाटेत कुणावरही हल्ला नाही. बहुतेक लोकांना कळलंच नाही की आपल्या अंगणामागून कोण गेलं. २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमाही आला, उर्मिला मातोंडकर होती त्यात. आजोबा स्वतः मात्र २०११ मध्येच मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेले.

ही गोष्ट पुण्यात बसून सांगायला गोड आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जण गेले, त्यांत दोन मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या घरातल्या आईला 'सहजीवन' हा शब्द ऐकवायला मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. शेतीला वीज रात्री आली की मोटर चालू करायला रात्रीच जावं लागतं. हातात बॅटरी, मोबाइलवर मोठ्यानं लावलेली गाणी, म्हणजे जनावराला चाहूल लागेल. दिवसा वीज द्या ही मागणी आपल्याला बिलाची वाटते, इथे ती जिवाची आहे. आणि पिंजरा लावा, नेऊन सोडा, मारून टाका या मागण्याही तिथूनच येतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. जागा ती किती आणि बिबटे किती, हा प्रश्न तिथल्या माणसांना रोज पडतो. स्पायडीनं येऊन एकेकाला खांबाला चिकटवलं, तरी पुढे काय करायचं हे त्याला कुठे माहीत आहे?

आंबेगाव तालुक्याचं तर नावच पाण्याखाली आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणात गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. डिंभ्याच्या कडेनं वर भीमाशंकरकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात इतका देखणा असतो की दर दोन वळणांनी गाडी थांबते. वर अभयारण्यात शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. या फांदीवरून त्या फांदीवर त्याची झेप पाहिलीत तर स्विंगिंग कुणाकडून शिकायचं ते कळेल. मोबाइलमध्ये तो येत नाही, प्रयत्न सोडून द्या. डोंगरातली महादेव कोळी समाजाची माणसं हिरडा गोळा करतात. वाटेत अंगणात वाळत घातलेलं काय आहे असं वाटलं, तर ते तेच.

याच बाजूला माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि गाव चिखलाखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या माणसाला गाव असायचं तिथे गाव दिसलं नाही. गेमच्या मॅनहॅटनमध्येही उत्तरार्धात शहराची वाताहत होते, साथ पसरते, रस्ते बंद होतात. शेवटचा बॉस पडला की पुन्हा सगळं चकाचक, टॅक्सी चालू. माळीणच्या लोकांना २०१७ मध्ये जवळच नवी घरं मिळाली. जुन्या जागी स्मारक आहे. तिथे जात असाल तर सेल्फी स्टिक गाडीत ठेवा.

जायचंच असेल तर दोन दिवस काढा, एकात होत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणचा ट्रॅफिक टाळायचा तर सकाळी सहाच्या आत पार व्हा. गेममध्ये फास्ट ट्रॅव्हल केलं की स्पायडर-मॅन मेट्रोत खांबाला धरून पेंगताना दिसतो; तसाच अनुभव हवा असेल तर एसटीनं नारायणगावला या, तिथून जुन्नरला गाड्या मिळतात. जेवायला मासवडी आणि रस्सा, दुसरं काही मागवू नका. मासवडीत मासा नसतो, बेसनात तीळ-खोबऱ्याचं सारण असतं. शाकाहारी मैत्रिणीला आधीच सांगा, नाहीतर ताट परत जाईल. नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. गुढीपाडव्याच्या आसपास आलात तर फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला आलेले असतात. तो सौदा बघणं हाच एक खेळ आहे.

आणि परतीचा रस्ता उजेडात धरा. अंधार पडला असेल तर उसाच्या कडेला गाडी थांबवून 'दोन मिनिटांत आलो' म्हणत उतरू नका. पेट्रोल पंप दहा किलोमीटरवर असतो, तेवढं धरता येतं.